सुडो आणि सदर घटना

भालूकाकांच्या लॅपटॉपवर पत्त्यांचा खेळ शेवटी बसला. पण तो बसलाच नाही असं धरून चालू, कारण काका त्याला हात लावत नाहीत.

झालं असं की, पुतण्याने लॅपटॉपवर विंडोज काढून लिनक्स बसवून दिलं आणि सांगितलं, “काका, ऐकेना तर कमांडच्या आधी ‘सुडो’ लिहा. मुकाट ऐकतं.”

काकांनी सुडो लावून खेळ मागितला. पडद्यावर उत्तर आलं: तुम्हाला अधिकार नाही. सदर घटना कळवली जाईल.

अख्खी नोकरी जिल्हा परिषदेत झाली, पण काकांना कधी मेमो मिळाला नव्हता. त्यांनी पुतण्याला फोन लावला.

“रिपोर्ट कुणाकडे जातो रे?”

“माझ्याकडेच. तुम्हाला अधिकार द्यायचा राहिला, काका. देतो, खेळही टाकतो.”

काकांनी चष्मा पुसून अर्ज लिहिला: “महोदय, आपण माझे सख्खे पुतणे असल्याने सदर घटनेची चौकशी त्रयस्थ अधिकाऱ्यामार्फत व्हावी, ही विनंती.”