गाजराचा शेक

तेजश्रीने वाफवलेली गाजरं, भिजवलेले काजू आणि सायीसकट दूध भांड्यात घातलं आणि मिक्सर सुरू केला. मागे पाठमोरी खेळत बसलेली दोन वर्षांची उत्कर्षा दचकली आणि भोकाड पसरून रडू लागली.

"आगं, बंद कर आधी. पोर किती घाबरली," बाळाबाईंनी नातीला उचलून घेतलं.

तेजश्रीने मिक्सर बंद केला. रडणं थांबताच पुन्हा लावला. उत्कर्षा पुन्हा रडली.

"याड लागलं का तुला?" सासूबाई चिडल्या.

"आई, ती आवाजाने रडतेय," तेजश्री कशीबशी म्हणाली.

नातीच्या कानामागे डॉक्टरांनी कालच सुरू करून दिलेल्या मशीनवरून बाळाबाईंनी हलकेच बोट फिरवलं.

"मग रडू दे," त्या म्हणाल्या. "परत लाव."