आईवर गेलेली लेक

"लेक अगदी तुमच्यावर गेलीय हो! हनुवटीवरची खळीसुद्धा तीच," दवाखान्यात शेजारी बसलेल्या बाई कौतुकानं म्हणाल्या.

"माझ्यावर कुठली? बापावर गेलीय ती!" विजयमालाबाई फटकन म्हणाल्या आणि त्यांनी पदरानं आपली हनुवटी झाकून घेतली.

पूर्वी असं कुणी म्हटलं, की त्या आठवडाभर मिरवायच्या. पण आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, काढलेल्या गाठीच्या तपासणीत जनुकातला बिघाड सापडला आणि डॉक्टर म्हणाले, "हा बिघाड जन्मापासूनचा असला, तर तो लेकीतही उतरलेला असू शकतो. तुमचं रक्त तपासून बघू." तेव्हापासून लेक आपल्यावर गेलीय, हे विजयमालाबाईंना ऐकवेनासं झालं होतं.

नंबर लागला. डॉक्टरांनी रिपोर्ट उलगडला.

"काकू, रक्तात तो बिघाड नाही. गाठीपुरताच होता. तुमच्याकडून लेकीला तो गेलेला नाही."

"नक्की ना?"

"नक्की. तुम्हाला केमो मात्र घ्यावी लागणार."

"द्या हो, हवी तेवढी द्या!"

लेकीला रडू आवरेना. विजयमालाबाई तिला हाताला धरून बाहेर घेऊन आल्या आणि थेट मघाच्या बाईंसमोर जाऊन उभ्या राहिल्या. लेकीचं ओलं तोंड त्यांनी हनुवटीला धरून वर केलं.

"आता नीट बघा! अहो, हिच्या बापाला कुठली आलीय खळी?"