दिल्ली-आग्रा-मथुरा, दोघांत एक खोली

नाव : मुकुंद सबनीस, मिरज. वय : एकाहत्तर. सोबत : कुणी नाही.

टूर कंपनीतली मुलगी फोनवरून एकेक रकाना भरत होती. "काका, तुम्हाला वेगळी खोली देऊ, की दुसरे एकटे गृहस्थ जोडून देऊ? साताऱ्याचे एक मास्तर आहेत."

"जोडूनच द्या," सबनीस घाईने म्हणाले. लाल किल्ला, ताजमहाल, मथुरा, सगळं त्यांनी नोकरीत असताना पाहिलं होतं. बायको जाऊन दोन वर्षं झाली होती. त्यांना आठ दिवस शेजारच्या पलंगावर बोलायला कुणीतरी हवं होतं.

आहार : शाकाहारी. सकाळचा चहा : हवा, बिनसाखरेचा.

"आता शेवटचं. घोरता का? मास्तरांची झोप फार सावध आहे. घोरणारा नको, असं बजावलंय त्यांनी."

"छे! चाळीस वर्षांत हिनं एकदाही तक्रार केली नाही."

"नशीबवान हो काकू!" मुलगी हसली.

सबनीसही हसले, आणि हसता हसता थांबले. शेवटची वीस वर्षं ती बाहेरच्या खोलीत झोपायची. इथला पंखा सोसत नाही म्हणायची. आणि बाहेर तर तिच्या डोक्यावर पंखा पूर्ण वेगात फिरत असायचा.

"काका? 'नाही' लिहू ना?"

"'हो' लिहा. मी घोरतो."

"अहो, पण मग मास्तर तयार व्हायचे नाहीत."

"त्यांना झोपू द्या," सबनीस म्हणाले. "मला वेगळी खोली लिहा."