सहाच्या सहा चेंडू

ट्रॅक्टर हटल्याशिवाय आपण इथून हलणार नाही, हे सत्यशीलानं अंगद मुकादमाला तिसऱ्यांदा सांगितलं आणि ती खरंच ट्रॉलीपुढे जाऊन उभी राहिली. गंगाखेडच्या कारखान्याकडे जाणाऱ्या रस्त्यालगत ऊसतोड कामगारांच्या पाचटाच्या कोप्या, आणि कोप्यांपुढे हे एवढंच मोकळं रान. तेच संस्थेनं तिच्यावर सोपवलेलं लेकरांचं खेळकेंद्र. आज नेमकी पाहणी होती आणि आजच या माणसानं उसाच्या दोन ट्रॉल्या मैदानात आणून लावल्या होत्या.

“बाई, ह्या लेकरायला खेळून काय कलेक्टर व्हायचंय का?” मुकादम म्हणाला.

“ते लेकरं ठरवतील. ट्रॅक्टर तुमी हलवा.”

मुकादम पुटपुटत गेला, पण ट्रॉल्या घेऊन गेला. नोव्हेंबरपासून हे भांडण ती आठवड्यातून एकदा तरी भांडत होती. एवढं मैदान मिळवायलाही ती अशीच भांडली होती. तिच्या जागी दुसरी कुणी असती तर लेकरं अजून चिपाडातच बसलेली असती.

लेकरांना खेळवायची नोकरी करायची, असं तिनं बी.पी.एड. झाल्यावर परभणीत घरी सांगितलं, तेव्हा मामा, मावश्या सगळे पोट धरून हसले होते. खेळवायचीही कुठं नोकरी असते का? ते हसणं तिच्या डोक्यातून अजून गेलेलं नव्हतं. आज तीच नोकरी पक्की व्हायची संधी होती. संस्थेची जिल्ह्यात आठ केंद्रं होती आणि सगळ्यांवर एकच कायम खेळ पर्यवेक्षक नेमायची होती. नावं दोनच उरली होती, तिचं आणि पोखर्णीच्या केंद्रावरच्या नीलमचं.

नीलमचं नाव निघालं की सत्यशीलाच्या तळपायाची आग मस्तकात जायची. त्या बयेनं संस्थेनं दिलेले सहाही चेंडू दोन महिन्यांत घालवले. एक विहिरीत, एक कुत्र्यानं फाडला, बाकीच्यांचा पत्ता तिला स्वतःलाही नाही. उड्या मारायच्या दोरीचा पोरांनी झोका केला. रोज फोटो पाठवायचा नियम, तर हिचे आठवड्यातून दोन, आणि त्यातही पोरांच्या नुसत्या पाठी. तरी समन्वयक बन्सीधर सर तिलाच सांभाळून घेत. परवा तर फोनवर म्हणाले, “नीलमचं काम एकदा बघून या.” काय बघून यायचं? विहिरीतला चेंडू?

सत्यशीलाकडं सहाच्या सहा चेंडू होते. पत्र्याच्या पेटीत, कुलपात, अजून लालभडक. कोपीत गेलेला चेंडू परत येत नाही, हे तिला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. पाच महिन्यांत एका दिवसाचा फोटो चुकला नव्हता. शिट्टी वाजली की तीस लेकरं अर्ध्या मिनिटात रांगेत उभी राहत. तिच्या फोटोत एका लेकराचं नाक वाहताना दिसायचं नाही. ती एकेकाचं स्वतःच्या रुमालानं पुसायची. असं कोण करतं?

अकराच्या सुमारास जीप आली. बन्सीधर सरांबरोबर संभाजीनगरहून आलेल्या साठीच्या एक बाई उतरल्या. निवड त्याच करणार होत्या. सत्यशीलानं गळ्यातलं ओळखपत्र सरळ केलं, पेटी उघडली, फोटोंची फाईल पुढं ठेवली. बाईंनी फोटो सावकाश पाहिले. मग पेटीतला एक चेंडू उचलून हातात फिरवला.

“चांगला ठेवलाय,” त्या म्हणाल्या.

सत्यशीलानं बन्सीधर सरांकडे बघितलं. ते खाली बघत होते. बघू दे, तिला वाटलं.

“आज शिट्टी नको,” बाई म्हणाल्या. “लेकरांना त्यांच्या मनानं खेळू द्या. आपण लांब बसू.”

सत्यशीलाचा संताप झाला. पाच महिन्यांची मेहनत दहा मिनिटांत जोखणार, आणि तीही तिचे हात बांधून. तिनं तोंडावर विचारलं, “नीलमच्या केंद्रावर पण असंच केलं का?”

“हो. तिथं आमच्याकडं कुणी बघितलंच नाही.”

बघा, साधी शिस्त नाही. सत्यशीलानं सहा चेंडू मैदानात नीट ओळीनं मांडले. मग तिनं रेणुकाला हाक मारली. दहा वर्षांची ही पोर, कडेवर धाकटा भाऊ, सगळी लेकरं हिचं ऐकायची.

“रेणुका, आज मी काही सांगणार न्हाई. तुमाला लय आवडतो तो खेळ खेळा.”

“कोन्ता बी?”

“कोणता पण.”

“तुमी घरी गेल्यावर खेळतो त्यो?”

“तोच खेळा,” सत्यशीला जोरात म्हणाली, पाहुण्यांना ऐकू जाईल असं. तिच्या माघारीही तिची लेकरं खेळतात, हेही कळू दे त्यांना.

तिघं बाजेवर जाऊन बसली. लेकरं आधी घुटमळली. चेंडूंना कुणी हात लावला नाही. मग रेणुकानं भावाला खाली ठेवलं आणि कोप्यांमागं जाऊन आली. तिच्या गळ्यात सुतळी होती आणि सुतळीला पुठ्ठ्याचा तुकडा. ओच्यातले सहा गोल दगड तिनं जमिनीवर मांडले. तोंडात दोन बोटं घालून शिट्टी मारली.

बाकीची सगळी लेकरं धावत येऊन रांगेत उभी राहिली. रेणुका पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत एकेकाचं नाक झग्याच्या टोकानं पुसत गेली. मग मागं सरकून तिनं एक चपटी खापरी डोळ्यांसमोर धरली.

“हसा,” ती म्हणाली. सगळी हसली. “झाला खेळ. चेंडू पेटीत टाका. सा हाईत का बगा.”