कोरडा टब

मुलाने न विचारता म्हातारीच्या कपाटावर सुनेला एक यंत्र ठेवायला लावलं, याचाच तिला राग जास्त. पांढरं, डब्यासारखं. अधूनमधून आपलं आपण फुस्स करायचं आणि खोलीभर गोडसर वास सोडायचं. ती गोळी घ्यायला उठली की फुस्स. लेकीशी फोनवर बोलायला लागली की फुस्स. जणू तिच्या प्रत्येक हालचालीवर कुणी नाक मुरडत होतं.

"हे कशाला गं?" तिने सुनेला विचारलं.

सुनेने घडी घातलेली चादर उगाच पुन्हा मोडली. "तुमच्या खोलीत वास येतो, असं यांचं म्हणणं आहे."

"कसला वास?"

"म्हातारपणाचा म्हणतात." सुनेचा आवाज बारीक झाला. "संध्याकाळी यांच्या ऑफिसचे साहेब जेवायला येणार ना, म्हणून तुम्हाला ताईंकडे सोडणार आहेत. आणि पुढेही तिकडेच राहिलात तर बरं, असं म्हणत होते."

म्हातारीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "असं? ज्याचं सगळं या हातांनी धुतलं, त्याच्या नाकाला आता आई सोसेना!"

वास येत होता हे खरं. तिलाही येत होता. पण म्हाताऱ्या माणसाचा वास कोणता आणि गटाराचा कोणता, एवढं तिला कळत होतं. तिने बाह्या वर सारल्या.

"आई, राहू द्या. उद्या प्लंबरला बोलावते."

"प्लंबर उद्या येईल. मला घालवणार आज."

आधी स्वयंपाकघर. सिंकखाली बादली ठेवून तिने नळीच्या तळाची वाटी फिरवून काढली. आत भाताची शितं, चहाचा चोथा आणि त्यावर तेलाचा पांढरा थर. सगळं कुजलेलं. तिने जुन्या टूथब्रशने वाटी घासली, पुन्हा बसवली, वरून सोडा आणि व्हिनेगर ओतलं. फेस फसफसून खाली बसला, तसं मागोमाग कढत पाणी सोडलं. मग बेसिन. त्याच्या काठाखाली एक भोक असतं, तिकडे या घरात कधी कुणाचं लक्ष गेलं नव्हतं. त्यात बाटली धुवायचा ब्रश घातला, तर काळा बुळबुळीत गोळाच बाहेर आला. सुनेने तोंड फिरवलं.

"फिरव, फिरव तोंड. या घरात तेवढंच जमतं सगळ्यांना."

आता सिंकला वास नाही, बेसिनला नाही. तिच्या खोलीत मात्र आहे तसाच. म्हातारी भिंतीला नाक लावत सरकत गेली आणि पलीकडे पाहुण्यांच्या बाथरूमच्या बंद दारापाशी थांबली.

"किल्ली आण."

"तिथे काही नाही हो आई! बंद खोलीचा कुबट वास येतो तेवढाच. मी रोज पुसते. पाण्याचा एक थेंब पडू देत नाही. टबावर डाग पडतात, म्हणून यांनी बजावलंय."

"कधीपासून पाणी नाही?"

"बसवला तेव्हापासून. गेल्या उन्हाळ्यापासून."

दार उघडलं तसा भपकारा तोंडावर आला. आत टब मात्र आरशासारखा चकचकीत. जाळीत एक केस नाही. म्हातारीने जाळी उचलली, फोनचा उजेड आत टाकला आणि वाकून पाहिलं. वापरातल्या मोरीत खाली नळीच्या वळणावर पाणी साठून राहतं. तेच गटाराचं तोंड दाबून धरतं. इथे ते केव्हाच आटून गेलं होतं. डाग पडू नये म्हणून पुसपुसून कोरडा ठेवलेला तो टब खालच्या गटाराचा वास सरळ घरात सोडत होता, आणि भिंतीपलीकडे तिची उशी होती.

सून टबाच्या काठावर टेकली. "म्हणजे मीच रोज..."

"तू कशाला? ज्याने बजावलं त्याने. ऊठ, बादली भर."

बादली ओतली. खाली डुबुक, डुबुक झालं आणि शांत झालं. मग दोघींनी घरभर खिडक्या उघडल्या. खोलीत परत आल्यावर म्हातारीने कपाटावरचं यंत्र खाली घेतलं आणि त्याचे सेल काढून गाऊनच्या खिशात टाकले.

दिवेलागणीला मुलगा आला. नेहमीसारखा तिच्या खोलीच्या उंबऱ्यातच उभा राहिला. नाक वर करून त्याने एकदा हुंगलं, आणि त्याचा चेहरा खुलला.

"बघ आई! गेला की नाही वास? म्हटलं होतं ना, ते यंत्र काम करणार. चल, आवर, गाडी खाली उभी आहे."

म्हातारीने खिशातून सेल काढले आणि त्याच्या तळहातावर ठेवले. त्याला काही कळेना. त्याने बायकोकडे पाहिलं.

"दुपारपासून बंद आहे ते," बायको म्हणाली. "वास तुमच्या टबातून येत होता."

तो टबाकडे जायला वळला.

"थांब," म्हातारी म्हणाली. "तिकडे काय बघतोस? सहा पावलं आत येऊन माझ्या खाटेवर एकदा टेकला असतास, तर वास भिंतीतून येतोय हे तुला पहिल्याच दिवशी कळलं असतं. तू दारातूनच नाक दाबून परत गेलास. आता नीट ऐक. मी कुठेही जात नाही. उद्यापासून माझी अंघोळ त्या टबात. आणि आज तुझे साहेब जेवायला बसले की मी त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसणार. त्यांना वास आलाच, तर तो माझा नसेल. तुझा असेल."