पन्नास मीटर

आमची सून ब्लांच इथे कॅनडात, ब्रॅम्प्टनच्या एका ग्रोसरीत कॅशवर आहे. शुक्रवारी तिनं रजा मागितली म्हणून तिथल्या मॅनेजरनं, मालकाच्या सख्ख्या मेहुण्यानं, तिचा हात पिरगळला. पोलिसांनी त्याला दुपारी नेलं आणि संध्याकाळच्या चहाला घरी सोडलं. हातात एक कागद दिला, की ब्लांचपासून पन्नास मीटर लांब राहायचं.

कागदाला घाबरणारा माणूस मी तरी पाहिला नाही. ब्लांचला म्हटलं, "सोड ते दुकान." तर म्हणाली, "मी का सोडू, मम्मी? मी काय गुन्हा केलाय?" माझा मुलगा डेनिसही तिच्याच बाजूनं. "दुकानात काम करणाऱ्यांसाठी सरकारनं नवे रूल्स केलेत. यू डोन्ट वरी."

रविवारी चर्चमधली मिस्सा संपल्यावर मालक स्वतः केक घेऊन दारात. गुन्हा मेहुण्याचा आणि गोड तोंड याचं, मी केकला हात लावला नाही.

तो म्हणाला, "आँटी, मेहुणा असला म्हणून काय झालं? पोलिसांच्या कागदातला शब्दन्‌शब्द मी पाळणार. दोघं एका छपराखाली दिसायचे नाहीत."

ब्लांचचे डोळे भरले. मलाच माझ्या मनाची लाज वाटली. उठून त्याच्यासाठी चहा टाकला.



सोमवारी मेहुणा वेळेवर कामावर हजर झाला, आणि ब्लांचच्या फोनवर मालकाचा मेसेज आला, "कोर्टाची तारीख होईपर्यंत तू घरीच राहा, तुझ्याच सेफ्टीसाठी."