काचेतली साडी

"पतंगाचा कागद? माझ्या रेशमी साड्यांच्या दुकानात?" मी कपाळावर हात मारला. आमच्या काउंटरवरच्या हेमलताबाई काचेतल्या पुतळ्याला जांभळ्या कागदाची साडी नेसवत होत्या. काठाला चॉकलेटचे सोनेरी कागद!

"खरी साडी उन्हानं विटते, शेठ."

"शाळेचं गॅदरिंग आहे का हे? गिऱ्हाईक आंधळं नसतं, बाई! उद्या काढून टाका."

तासाभरात एक मावशी आत आल्या. "काचेतली जांभळी दाखवा."

कागदाची आहे म्हणायची लाज वाटली. "ती विकली गेली," म्हणत मी अस्सल रेशमी साड्या गादीवर उलगडल्या. मावशींनी एकेक पदर चिमटीत धरला, नाक मुरडलं.

"काचेतलीची सर एकीलाही नाही. या सगळ्या कागदासारख्या वाटतात हो."